कोर्टात खुणांच्या भाषेची दुभाषी म्हणून बोलावलंय: हो म्हणण्याआधी काय तपासाल?

ताई, आधी तुमची परिस्थिती थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं उत्तर कशाला धरून आहे ते स्पष्ट राहील. तुम्ही तालुक्याच्या गावी निवासी कर्णबधिर विद्यालयात विशेष शिक्षिका आहात. पॉक्सोच्या (मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या) एका खटल्यात १७ वर्षांच्या कर्णबधिर मुलीची साक्ष व्हायची आहे आणि विशेष न्यायालयाने शाळेमार्फत तुम्हाला दुभाषी म्हणून हजर राहण्याचं पत्र दिलंय. मुलगी तुमच्या शाळेची नाही. ती दुसऱ्या तालुक्यात तिसरीपर्यंत शिकली, नंतर घरीच राहिली. तारखेला पंधरा दिवस आहेत आणि तुम्ही विचारलंय की कायद्यातल्या शब्दांच्या खुणा कुठे शिकायला मिळतील.

त्या शब्दांची काळजी तूर्त बाजूला ठेवा. पीडित मुलीच्या साक्षीत कायद्याचे शब्द फार कमी येतात. तिला विचारलं जातं ते कोण, कुठे, कधी, काय झालं, मग काय केलंस, कोणाला सांगितलंस. तुमच्यापुढची खरी अडचण अशी आहे: ही मुलगी आणि तुम्ही एकमेकींना भरवशाने समजता का, आणि समजत नसाल तर ते न्यायाधीशांना कधी आणि कसं सांगायचं. साक्षी बिघडतात त्या बहुतेक इथेच. दुभाषी अंदाजाने भागवते, तो अंदाज साक्षीदाराचं उत्तर म्हणून टाईप होतो आणि उलटतपासात तो टिकत नाही.

थोडं स्पष्ट बोलते, राग मानू नका. आपल्याकडच्या बऱ्याच कर्णबधिर शाळांत वर्षानुवर्षं भर राहिला तो बोलण्यावर आणि ओठ वाचण्यावर. त्यामुळे अनेक शिक्षक खुणा करतात तेव्हा मराठी वाक्य मनात ठेवून त्यातल्या एकेका शब्दाला खूण लावतात. वर्गात ते चालतं, कारण मुलांना तुमची सवय असते आणि विषय समोर फळ्यावर असतो. भारतीय सांकेतिक भाषेची रचना वेगळी. प्रश्नाची खूण शेवटी येते, होय-नाहीचा प्रश्न भुवया आणि डोक्याच्या कलाने होतो, कोणी कोणाला दिलं-मारलं हे हाताच्या दिशेने कळतं. तुमच्या वसतिगृहातल्या मुली रात्री आपसात ज्या वेगाने बोलतात ते तुम्हाला मध्येच पाहून पूर्ण कळतं का? याचं प्रामाणिक उत्तर हीच तुमची पहिली परीक्षा.

दुसरं अवलंबून आहे मुलीवर. तिसरीपर्यंतची शाळा आणि नंतर घर, म्हणजे तिच्याकडे थोड्या शाळेतल्या खुणा, बऱ्याचशा घरात तयार झालेल्या खुणा आणि मोजके लिहिता येणारे मराठी शब्द असण्याची शक्यता जास्त. नेमकं काय आहे ते तिला भेटल्याशिवाय कोणीच सांगू शकणार नाही.

म्हणून या आठवड्यातच सरकारी वकिलांमार्फत न्यायालयाकडे अर्ज द्या की साक्षीच्या आधी मुलीशी वीस ते तीस मिनिटं संवाद तपासण्याची परवानगी मिळावी. ती भेट शक्यतो कोर्टाच्या आवारातच, तटस्थ व्यक्तीच्या समोर आणि चित्रीकरणासह व्हावी, आणि त्यात घटनेबद्दल एक शब्दही काढला जाणार नाही, असं अर्जातच लिहा. हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. एरवी बचाव पक्षाचे वकील पहिल्याच प्रश्नात म्हणतील की दुभाषीने साक्षीदाराला पढवलं.

त्या भेटीत काय पाहायचं? आधी पडताळता येण्यासारख्या गोष्टी तिला सांगू द्या: आज कशाने आलीस, सोबत कोण होतं, वाटेत काय खाल्लंस, घरी जनावरं कोणती. नंतर सोबत आलेल्या माणसाकडून खातरजमा करा. मग धडधडीत खोटा प्रश्न विचारा, ‘तू विमानाने आलीस?’ मान डोलली तर सावध व्हा. न कळलेल्या प्रश्नाला मान हलवणं ही ऐकू येणाऱ्यांच्या घरात एकट्या वाढलेल्या कर्णबधिर मुलांची जुनी सवय असते. समोरचा चिडू नये म्हणून ती मान हलते. शिवाय भाषा उत्तम येणारेही संवाद चालू असताना मान हलवतात ते ‘बघतेय, पुढे बोला’ एवढ्यासाठी. कोर्टात मात्र हलली मान की ‘होय’ असं टाईप होतं.

यानंतर कोणी-कोणाला हा भाग. टेबलावर दोन वस्तू घ्या, समजा लाल झाकणाची बाटली आणि निळ्या झाकणाची. लालने निळीला ढकललं हे करून दाखवा आणि तिला खुणेने सांगायला लावा, मग उलट करा. पुढे तुम्ही खुणेने सांगा आणि तिला करून दाखवू द्या. दोन्ही बाजूंनी चारपैकी चारही वेळा बरोबर यायला हवं, कारण साक्षीचा सगळा डोलारा यावरच उभा असतो. काळासाठी तारखा विचारू नका. पोळ्याच्या आधी की नंतर, शाळा सुटल्यावर की भरण्याआधी, अंधार होता की उजेड, असं विचारा. शेवटी पाहा की ‘माहीत नाही’, ‘आठवत नाही’ आणि ‘तुमचा प्रश्न कळला नाही’ या तीन गोष्टी तिला वेगवेगळ्या सांगता येतात का. येत नसतील तर त्या तिन्हींसाठी खुणा त्या भेटीतच ठरवून घ्यायला माझी हरकत नसते, फक्त तसं ठरवल्याचं न्यायाधीशांना सांगायचं.

यातून तीनपैकी एक चित्र पुढे येईल. ती भारतीय सांकेतिक भाषा सहज वापरते आणि तुम्हालाही ती येते, तर काम घ्या. ती सरमिसळ वापरते, पण वरच्या गोष्टी नीट जमल्या, तर लहान वाक्यं, चित्रं, गावाचा साधा नकाशा यांच्या आधाराने काम होऊ शकतं, मात्र वेळ दुप्पट लागेल हे आधी सांगा. आणि ती निव्वळ घरच्या खुणांवर असेल तर एकट्याने हे काम घेऊ नका. अशा वेळी दुसरा दुभाषी लागतो, जो स्वतः कर्णबधिर असतो. न्यायाधीशांचा प्रश्न तुम्ही भारतीय सांकेतिक भाषेत त्याला सांगायचा, तो तिला कळेल अशा दृश्य रूपात मांडतो, आणि उत्तर त्याच वाटेने परत येतं. भाषेविना अर्थ पोचवण्याची जी हातोटी कर्णबधिर माणसाकडे असते ती आपल्यासारख्या ऐकू येणाऱ्यांना वीस वर्षांनीही पुरती येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. असा माणूस शोधायला जिल्हा बाल संरक्षण कक्ष, मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग संस्था, दिल्लीचं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आणि तुमच्या जिल्ह्यातली कर्णबधिरांची संघटना, या क्रमाने विचारा. व्हिडिओ कॉलवरचा दुभाषी भाषा येणाऱ्या साक्षीदारासाठी ठीक, पण घरच्या खुणांसाठी नको. सपाट पडद्यावर हाताची खोली आणि दिशा हरवते.

‘आईला तिच्या खुणा कळतात, मग आईच सांगेल की’ असं कोणीतरी म्हणेलच. आई विश्वासाची व्यक्ती म्हणून मुलीसोबत बसू शकते, पॉक्सोच्या कलम ३३ मध्ये तशी सोय आहे. पण तिने साक्षीचं भाषांतर करू नये. राजस्थान राज्य विरुद्ध दर्शन सिंग या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने याबद्दल स्पष्ट सांगितलंय. दुभाषी साक्षीदाराच्या परिसरातला असावा, पण खटल्यात त्याचा हितसंबंध नसावा, आणि त्याला शपथ दिलेली असावी. त्या खटल्यात साक्षीदार स्त्रीच्या खुणांचा अर्थ तिच्या वडिलांनीच सांगितला होता आणि त्यांना दुभाषी म्हणून शपथ दिली गेली नव्हती. तुमचाही काही संबंध असेल, म्हणजे मुलीचे नातेवाईक ओळखीचे, आरोपी गावातला, किंवा पोलिसांनी जबाब घेताना तुम्हीच मदत केली होती, तर तो पत्राच्या उत्तरातच लिहा. जबाबाच्या वेळी हजर राहिलेल्या दुभाषीला पुढे साक्षीदार म्हणून बोलावलं जाऊ शकतं, म्हणून कोर्टात दुसरी व्यक्ती असलेली बरी.

कायद्याची आणखी दोन-तीन कलमं माहीत असू द्या, वाद घालायला नाही, विनंती करताना आधार म्हणून. भारतीय साक्ष अधिनियम २०२३ चं कलम १२५ (१ जुलै २०२४ आधीपासून चालू असलेल्या खटल्यात जुन्या कायद्याचं ११९) सांगतं की बोलू न शकणाऱ्या साक्षीदारासाठी न्यायालयाने दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घ्यावी आणि त्या कथनाचं चित्रीकरण व्हावं. पॉक्सोच्या कलम ३३ प्रमाणे वकील थेट मुलीला प्रश्न विचारत नाहीत, ते न्यायाधीशांना सांगतात आणि न्यायाधीश विचारतात. तुमच्या दृष्टीने हे फार सोयीचं आहे, कारण गुंतागुंतीचा प्रश्न तुमच्यापर्यंत येण्याआधी एकदा गाळला जातो. आणि सरकारी वकिलांना विचारून ठेवा की दंडाधिकाऱ्यांपुढे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली जबाब झाला आहे का. अपंग व्यक्तीचा तसा जबाब सरतपासाच्या, म्हणजे तिला बोलावणाऱ्या बाजूने विचारलेल्या पहिल्या प्रश्नोत्तरांच्या, जागी धरता येतो, मग तुमचं काम थेट उलटतपासापासून सुरू होईल.

तो जबाब मागून वाचू मात्र नका. यावर मतभेद आहेत. काही जण तयारीसाठी सगळे कागद वाचतात. माझं म्हणणं असं की गोष्ट आधी माहीत असली की डोळा अर्धवट खुणेतही तीच गोष्ट पाहू लागतो. माणसांची नावं आणि नाती, गावं, वस्त्या, शाळा, बाजाराचा वार, घराचा कच्चा नकाशा, एवढं मागा. तेवढं पुरतं.

आता प्रत्यक्ष दिवस. अर्धा तास आधी पोचून बसण्याची जागा ठरवून घ्या. साक्षीदाराच्या पिंजऱ्याचा कठडा हात झाकतो, म्हणून तिला खुर्ची मागा. तुम्ही तिच्या समोर, दीड ते दोन मीटरवर, न्यायाधीशांच्या बाजूला, म्हणजे ती एकाच नजरेत दोघांनाही पाहील. खिडकी तुमच्या पाठीमागे नको, चेहरा काळा दिसतो. आरोपी दिसू नये म्हणून पडदा लावतात, तो तुमच्या दोघींच्या मध्ये येत नाही ना ते खाली बसून पाहा. कॅमेरा हा सर्वात दुर्लक्षित भाग. एकच असेल तर तो मुलीवर हवा, कमरेपासून डोक्याच्या वर हातभर जागा सोडून. दोन असतील तर दुसरा तुमच्यावर. फक्त दुभाषीचं चित्रीकरण झालं तर पुढच्या न्यायालयाला तपासायला काहीच उरत नाही. एक मिनिट चित्रीकरण करून, मागे नेऊन, बोटं स्पष्ट दिसतात का ते बघायला सांगा. तुमचे कपडे एका रंगाचे, हातांच्या रंगापेक्षा वेगळे. काठापदराची साडी, बांगड्या, अंगठ्या, गडद नेलपॉलिश नको.

शपथ आधी तुमची होते, मग मुलीची. तुमचं आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांकासह शिक्षण आणि अनुभव नोंदवून घ्यायला सांगा. मुलीला शपथ समजावताना शब्दशः खुणा करत बसू नका. खरं काय, खोटं काय, इथे खरंच सांगायचं, हे तिला कळलं का ते एका उदाहरणाने तपासण्याची परवानगी मागा. पेन हातात धरून ‘हे पुस्तक आहे, खरं की खोटं?’ एवढंही चालतं.

बोलताना तिच्या वतीने ‘मी’ म्हणा. ‘ती म्हणते की ती घरी होती’ असं सुरू झालं की दोन वाक्यांत कोणाचं काय कळेनासं होतं. स्वतःला काही सांगायचं असेल तेव्हा ‘दुभाषी सांगू इच्छिते’ अशी सुरुवात करा. प्रश्न संपल्यावर खुणा, उत्तर संपल्यावर आवाज. एकाच वेळी दोन्ही नको, कारण टंकलेखकाला प्रश्न आणि उत्तर वेगळं हवं असतं.

सर्वात जास्त अडतं ते ‘मारलं’, ‘धरलं’, ‘हात लावला’ अशा क्रियापदांवर. मराठीत ‘त्याने तुला मारलं का?’ हा मोघम प्रश्न होतो. खुणेत मारणं दाखवताना थप्पड, काठी किंवा लाथ, आणि तीही शरीरावर कुठेतरी, दाखवावीच लागते. म्हणजे तुमच्या हातूनच उत्तर पुरवलं जातं, आणि सूचक प्रश्न तुम्ही विचारल्यासारखा होतो. अशा वेळी हात थांबवा आणि सांगा: ‘दुभाषी सांगू इच्छिते की या प्रश्नाची खूण करताना कशाने आणि कुठे हे सुचवलं जाईल. आधी “मग काय झालं” असं विचारता येईल का?’ बहुतेक न्यायाधीश लगेच मान्य करतात. याउलट मुलीने अंगावर जागा दाखवून खूण केली तर ती सौम्य करू नका, जशी आहे तशीच सांगा. लाजेने केलेलं गुळगुळीत भाषांतर पुढे तिच्याच विरोधात जातं.

दुसरी अडचण उलटतपासाची भाषा. ‘हे म्हणणं खरं नाही का, की त्या दिवशी तू शाळेत गेली नव्हतीस?’ यात दोन नकार आहेत, आणि होय म्हटलं काय, नाही म्हटलं काय, अर्थ दोन्हीकडे जातो. ऐकू येणारा साक्षीदारही यात गडबडतो. आपल्या मनाने सोपं करून विचारू नका. न्यायाधीशांना सांगा की हा प्रश्न एका खुणेत जात नाही, ‘त्या दिवशी शाळेत गेलीस?’ असा विचारायची परवानगी द्यावी. परवानगी मिळाली की नोंद होते, आणि मग तो बदल तुमच्या अंगावर राहत नाही.

महत्त्वाच्या उत्तरांना आधी खुणेचं वर्णन, मग अर्थ, असं सांगा: ‘साक्षीदाराने तर्जनी वरच्या ओठावर फिरवली, अर्थ, मिशीवाला माणूस.’ दर्शन सिंगच्या निकालात न्यायालयाने खुणांचीच नोंद हवी असं म्हटलं, ते याचसाठी. खेड्यात माणसं अशा शरीरखुणांनीच ओळखली जातात, आणि मिशा गावात पन्नास जणांना असतात. तो माणूस कोण हे ठरवणं कोर्टाचं काम, तुम्ही नाव जोडू नका. काळाचंही तसंच. तिने पोळ्याची खूण केली तर ‘पोळ्याच्या दिवशी’ म्हणा, तारीख काढून देऊ नका. डावं-उजवं तिच्या बाजूने असतं. समोर बसून तुम्ही ते आरशासारखं उलटं घेताय का, याकडे लक्ष ठेवा. आणि काका-मामांची एकच खूण असेल तर ‘नातेवाईक पुरुष’ एवढंच सांगून पुढचा प्रश्न कोर्टाला विचारू द्या.

एकट्या असाल तर अर्ध्या तासाने दहा मिनिटं विश्रांती, हे सुरुवातीलाच ठरवून घ्या. त्यानंतर थकवा जाणवायच्या आधी चुका सुरू होतात, आणि मुलीचे डोळेही दमतात. विश्रांतीत ती तुमच्याकडेच येईल, कारण त्या इमारतीत तिच्याशी बोलू शकणारी तुम्ही एकटीच असाल. पाणी, स्वच्छतागृह एवढं जरूर, त्यापुढे नाही; शक्य तर वेगळ्या खोलीत बसा. कठोर वाटेल, पण चहा पिताना झालेल्या गप्पांवर उलटतपास होतो. शेवटी न्यायाधीशांनी टंकलिखित करून घेतलेली साक्ष वाचून दाखवतात, ती सगळी तिला खुणांनी सांगा. एखादं उत्तर चुकीचं उतरलंय असं दिसलं तर सही व्हायच्या आधी ‘दुभाषी दुरुस्ती सुचवते’ म्हणून तिथेच सांगा.

आणि भेटीनंतर नकार द्यायची वेळ आली तर ‘मला जमणार नाही’ एवढ्यावर सोडू नका. चार ओळींचा अर्ज द्या: माझी पात्रता अमुक, मुलीशी अमुक मिनिटं संवाद केला, रोजच्या गोष्टी समजल्या, पण कोणी कोणाला आणि आधी-नंतर हे भरवशाने समजलं नाही, सोबत कर्णबधिर दुभाषी नेमावा, मी त्याच्याबरोबर काम करायला तयार आहे. असा अर्ज मुलीची साक्ष वाचवतो. ‘संवाद होऊ शकत नाही’ एवढाच शेरा गेला तर मुलगीच साक्षीला अक्षम अशी नोंद व्हायचा धोका असतो. उणीव नेमणुकीत असते आणि ती मुलीच्या नावावर चढते.

मुलीचं नाव, गाव, शाळा कुठेही बोलू नका, मुख्याध्यापकांनाही फक्त न्यायालयाचं पत्र आणि तारीख दाखवा. ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. हातात काही टिपणं झाली असतील तर ती घरी न नेता न्यायालयाकडे सोपवा.

मानधनाचं संकोच न करता आधीच विचारा. पॉक्सो नियम २०२० प्रमाणे दुभाषीचे पैसे जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडच्या निधीतून देता येतात. कक्षात नाव नोंदवून घ्या, दर लेखी मागा, आणि त्या दिवशी कोर्टातून निघण्यापूर्वी बेंच क्लार्ककडून हजेरीचा दाखला घ्या. शाळेतली कर्तव्य रजा आणि एसटीचं बिल, दोन्ही त्याच कागदावर मंजूर होतात.